बाराला सावली गेलीच नाही! (पोरांच्या प्रश्नांची उत्तरं हवीत)

शेंगाचटणी | १० मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आधी आजची फजिती सांगते, मग प्रश्न.

सुट्टी लागल्यापासून आमच्या बिल्डिंगमधली सहा पोरं दिवसभर माझ्याकडं असतात. पाचवी ते नववी, सगळा मेळ. त्यांच्या आया कामाला जातात आणि मी घरी शिवणकाम करते, म्हणून ही वरात माझ्या दारात. मोबाइलमधून डोकं वर काढेनात, म्हणून रद्दीवाल्याकडून एक जुना प्रश्नसंच आणला. भूगोल, जगाचा इतिहास, असलं सगळं. त्यात एक ओळ होती की कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत वर्षातून दोन दिवस दुपारी १२ वाजता सावली नाहीशी होते. भाचीनं शोधून काढलं की सोलापूरला तो दिवस १०-११ मेला येतो.

मग काय, आज पावणेबाराला सगळे गच्चीवर. फूटभर पीव्हीसी पाइपचा तुकडा फरशीवर उभा केला, खालच्या गवंडीकाकांचा ओळंबा लावून सरळ केला. ऊन काय होतं म्हणून सांगू, चप्पल घालूनही तळवे भाजत होते. मोबाइलवर १२:०० झाले. सावली जागच्या जागी! चांगली इंचभर, पश्चिमेकडं. दोन मिनिटं वाट बघितली आणि सगळ्यांना खाली आणून ताक पाजलं. नववीतला म्हणाला, गाईड खोटं आहे. पाचवीतला म्हणाला, मावशी, सोलापूरची सावली हट्टी आहे.

शिवाय पोरांनी वहीत बरेच प्रश्न लिहून ठेवलेत. उत्तरं संचाच्या मागं आहेत, पण एकेका ओळीची. 'का?' म्हटलं की मागचं पान गप्प. थोडे इथं टाकते. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते का? भीमाशंकरहून अरबी समुद्र एवढा जवळ, मग भीमा नदी उलटी आपल्याकडं कशाला येते? उत्तरायण २२ डिसेंबरला की संक्रांतीला? आपलं पठार 'स्थिर' आहे तर किल्लारीचा भूकंप कसा झाला? ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात कशी? आणि भाचीचा प्रश्न, ज्यानं मी गार झाले: दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू झालं, तर आपले डॉ. कोटणीस १९३८ ला कुठल्या युद्धात गेले?

मी बारावी आर्ट्स, तेही वीस वर्षांपूर्वी. सांभाळून घ्या.

टाइमपास_सातरस्ता | १० मे, रात्री ९:२४

ताई, गूगल करा की. सगळं मिळतंय.

शेंगाचटणी | १० मे, रात्री ९:३१

केलं. त्यानंही १२ वाजताच सांगितलं.

फळा_खडू | १० मे, रात्री १०:०२

ताई, मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. तुमचं गाईड खोटं नाही, अर्धवट आहे. 'दुपारी १२' म्हणजे सूर्याचे बारा, घड्याळाचे नव्हेत. आणि आपल्या हातातलं घड्याळ सोलापूरचं नाहीच मुळी. ते लावलंय ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, जे तिकडं मिर्झापूरजवळून जातं. सोलापूर ७५.९ अंशावर. फरक झाला ६.६ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात (चोवीस तासांची मिनिटं करून ३६० नं भागायचं, हे पोरांकडूनच करून घ्या). म्हणजे मिर्झापूरला माध्यान्ह झाली की आपली व्हायला अजून सव्वीस मिनिटं. त्यातही सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. कधी पुढं, कधी मागं. मेच्या मध्यात तो चारेक मिनिटं पुढं असतो. ती वजा करा. आपली खरी दुपार १२:२२ च्या आसपास.

तुम्ही सावली पश्चिमेकडं होती असं लिहिलंत, ते फार बरं केलंत. सावली पश्चिमेला म्हणजे सूर्य अजून पूर्वेला, अजून यायचाय. बावीस मिनिटं बाकी म्हणजे साडेपाच अंश बाकी. तेवढ्याला फूटभर काठीची सावली इंचाच्या आसपासच पडते. तुमचं मोजमाप चोख आहे. चूक फक्त ताक लवकर पाजण्यात झाली.

उद्या पुन्हा चढा. सूर्य रोज पाव अंश उत्तरेला सरकतो आणि त्याची स्वतःची रुंदीच अर्धा अंश आहे, त्यामुळं १० आणि ११ दोन्ही दिवस सोलापूरला चालतात. १२:१५ ला जा, १२:३० पर्यंत थांबा. टोप्या घाला.

पेठेतला_पाहुणा | १० मे, रात्री १०:१५

मग हे एकच घड्याळ कुणी लावलं सगळ्या देशाला?

फळा_खडू | १० मे, रात्री १०:२६

इंग्रजांनी, १९०६ पासून. त्याआधी गावोगावच्या वेळा वेगळ्या होत्या, त्यात रेल्वेचं घड्याळ तिसरंच. मुंबईनं तर प्रमाणवेळ आल्यावरही स्वतःचा 'मुंबई टाइम' कितीतरी वर्षं सोडला नाही. ३९ मिनिटांचा फरक होता. आजोबांच्या पिढीला दोन्ही वेळा सांगाव्या लागत.

संत्राबर्फी | १० मे, रात्री १०:४०

नागपूरहून लिहून राहिलो. आमच्याकडे सूर्य डोक्यावर यायला २६ मे उजाडते. पण ताई, उद्या तुमची सावली शून्य असताना मी इथे एक मीटरच्या काठीची सावली मोजली तर पृथ्वीचा घेर निघते! एराटोस्थेनिसनं हेच केलं होतं. करू का? तसंही उद्या रविवार, बायको म्हणते घरात बसू नका.

शेंगाचटणी | १० मे, रात्री १०:४४

करा करा! कोण हे एराटोस्थेनिस? पोरं विचारणार.

संत्राबर्फी | १० मे, रात्री ११:०५

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला इजिप्तमधला ग्रीक विद्वान, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. त्याच्या कानावर आलं की दक्षिणेला सायीनी गावात, म्हणजे आजचं आस्वान, २१ जूनच्या सुमारास भरदुपारी विहिरीच्या तळाला ऊन लागते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती, ७.२ अंशांची. वर्तुळाचा बरोबर पन्नासावा हिस्सा. मग दोन गावांतलं अंतर पन्नासनं गुणलं की झाला पृथ्वीचा घेर! अंतर त्यानं धरलं ५,००० स्टेडिया (तेव्हाचं ग्रीक माप). हा माणूस दुसऱ्या गावाला गेलाही नसेल, काठी आणि भूमितीवर काम भागवलं.

नववीतल्या पोराला सांगा, समांतर रेषा आणि व्युत्क्रम कोन. तो धडा यासाठीच असते.

शेंगाचटणी | ११ मे, दुपारी १:०५

गेली!!! सावली गेली!!!

आज बाकीच्या मजल्यांवरची माणसंही आली होती. १२:१५ ला पाइपची सावली बोटाच्या पेरापेक्षा कमी. मग ती बारीक बारीक होत पाइपच्या पायाशी आली. भाची पाइपच्या तोंडातून आत डोकावून बघत होती. १२:२० ला आत तळाशी उजेडाची चंद्रकोर. १२:२२ ला चंद्रकोरीचं पूर्ण नाणं झालं. पाइपातून सरळ फरशीवर ऊन! बाहेर सावलीचा मागमूस नाही. पाइप नुसता चिकटवलेल्या चित्रासारखा दिसत होता. पाण्याची बादली, स्टीलचा तांब्या, गवंडीकाकांची कुदळ, काय काय ठेवून बघितलं. पाचवीतला स्वतःच उभा राहिला तर सावली पायाखाली, बुटक्या ढेकळासारखी. तो म्हणाला, माझी सावली मी तुडवूलालो.

१२:२५ ला नाणं पुन्हा कापलं गेलं, या वेळी दुसऱ्या बाजूनं. मला एकदम काहीतरी झालं. पृथ्वी फिरते हे पाठ केलं होतं, फिरताना आज बघितली.

नववीतल्यानं गाईडमध्ये '१२ वाजता' खोडून पेन्सिलीनं १२:२२ लिहिलंय. नागपूरचं काय झालं?

संत्राबर्फी | ११ मे, दुपारी २:३०

झालं बाप्पा. आमची माध्यान्ह १२:१० ला. मीटरभर काठी, सावली उत्तरेकडे, ५.८ सेंटिमीटर. कोन आला ३.३ अंश. सोलापूर-नागपूर सरळ अंतर नाही घ्यायचं, फक्त दक्षिण-उत्तर घ्यायचं. नकाशावर पट्टी ठेवून ते भरलं ३९० किमी. ३६० भागिले ३.३२, गुणिले ३९०. उत्तर ४२,३०० किमी. खरा घेर ४०,००० च्या आसपास. म्हणजे पृथ्वी आम्ही थोडी फुगवली.

फळा_खडू | ११ मे, दुपारी ३:१०

शाबास! शाळेत असतो तर दहापैकी नऊ दिले असते. चूक कुठं आली तेही पोरांना दाखवा, ती उत्तरापेक्षा महत्त्वाची. सूर्य ठिपका नाही, त्याला रुंदी आहे, म्हणून सावलीची कड पुसट असते. तुम्ही ५.८ ऐवजी ६.० वाचलं असतं तर घेर ४०,९०० आला असता. काठीवरचे दोन मिलिमीटर म्हणजे पृथ्वीवरचे चौदाशे किलोमीटर! शिवाय आज सूर्य सोलापूरच्याही किंचित उत्तरेला गेला होता. त्या ग्रीकाच्याही हिशेबात अशा चुका होत्या. आस्वान आणि अलेक्झांड्रिया एका रेखावृत्तावर नाहीत, तीन अंशांचा फरक आहे.

आणि हो, दिल्लीच्या पोरांना ही गंमत कधीच दिसत नाही. सूर्य उत्तरेला २३.५ अंशांपर्यंत जातो आणि तिथून परततो. ती रेघ म्हणजेच कर्कवृत्त. आपल्याकडं कोल्हापूरला तो ६-७ मेला येतो, मग सोलापूर, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नागपूरला २६. महाराष्ट्राच्या डोक्यावरून तो असा चालत जातो, आणि परतीला पुन्हा एकदा येतो.

पेठेतला_पाहुणा | ११ मे, दुपारी ४:००

डोक्यावर आला म्हणूनच उन्हाळा ना? म्हणजे जवळ येतो म्हणूनच?

फळा_खडू | ११ मे, दुपारी ४:२०

डोक्यावर आला म्हणून, हे बरोबर. जवळ आला म्हणून, हे साफ चूक. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७ कोटी किमीवर. सगळ्यांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी. म्हणजे सोलापूर ४३ अंशांवर भाजत असतं तेव्हा आपण सूर्यापासून लांब लांब चाललेलो असतो. खेळ सगळा २३.५ अंशांच्या कलण्याचा. किरण सरळ पडले की थोड्या जागेत सगळी उष्णता, तिरके पडले की तीच उष्णता पसरते. बॅटरी आधी भिंतीवर सरळ मारा, मग तिरकी.

पोरं क्रिकेट बघत असतील तर एकच वाक्य पुरतं: मेलबर्नची नाताळातली कसोटी आठवा. आपण स्वेटरात आणि तिथले प्रेक्षक टोपी-गॉगलमध्ये. जवळ-लांबचा प्रश्न असता तर सगळ्या जगात एकदमच उन्हाळा आला असता.

गड्ड्यावरचा | ११ मे, रात्री ८:४५

संक्रांतीच्या प्रश्नावर येऊ का? उत्तरायण संक्रांतीलाच. आमची सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, होम, सगळं संक्रांतीच्या तिथंच बसवलंय. पिढ्यान् पिढ्या. गाईडवाल्यांनी परवा २२ डिसेंबर लिहिलं म्हणून काय झालं?

संत्राबर्फी | ११ मे, रात्री ९:०२

सूर्याला विचारा न भाऊ. २१-२२ डिसेंबरनंतर दुपारची सावली लहान व्हायला लागते. १४ जानेवारीपर्यंत थांबत नाही ती.

गड्ड्यावरचा | ११ मे, रात्री ९:०६

मग आमचे पूर्वज येडे होते काय बे?

फळा_खडू | ११ मे, रात्री ९:४०

भांडू नका, दोघंही बरोबर आहात, फक्त एकाच काळात नाही. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. आपलं पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजतं. आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. भोवरा गरगर फिरतानाच त्याची दांडी वर एक सावकाश गोल काढते ना, तसा. त्या एका गोलाला सुमारे २६,००० वर्षं लागतात. म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. या डुलण्यानं ऋतू आणि तारे एकमेकांपासून सरकतात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकरप्रवेश आणि उत्तरायण एकाच दिवशी येत होते. पूर्वजांनी बघूनच सांगितलं होतं. पुढं सूर्यानं आपली तारीख पाळली, राशीची तारीख पुढं गेली.

पुरावा हवा? स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३. त्या दिवशी संक्रांत होती. आता १४ ला येते, अधूनमधून १५ ला.

गड्ड्यावरचा | ११ मे, रात्री ९:५८

विवेकानंदांचं माहीत नव्हतं. मानलं मास्तर. यात्रा मात्र आम्ही संक्रांतीलाच करणार.

फळा_खडू | ११ मे, रात्री १०:०१

करायचीच. मीही येतो दरवर्षी. होम मैदानावर फिरून पाय दुखेपर्यंत.

जेकार्ड | ११ मे, रात्री १०:२०

तारखांचं निघालंच आहे तर ऑक्टोबर क्रांती उरकतो. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, बाकीच्या युरोपाच्या तेरा दिवस मागं. त्यांची २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे जगाची ७ नोव्हेंबर. पुढच्याच वर्षी नव्या सरकारनं कॅलेंडर बदललं, नाव मात्र ऑक्टोबरच राहिलं.

माढेकर | १२ मे, सकाळी ७:१५

भीमा उलटी येत नाही, उतारानं येते. दख्खनचं पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला कललेलं. सह्याद्री हा त्याचा पश्चिमेकडचा उभा काठ. त्या काठाच्या कोकणाकडच्या बाजूला पडलेला थेंब थोड्याच वेळात अरबी समुद्रात, आणि देशाकडच्या बाजूला पडलेला थेंब पंढरपूर करत, पुढं रायचूरजवळ कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. भीमाच नाही, गोदावरी-कृष्णेचीही हीच कथा.

आमच्या भागातल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. जुलै-ऑगस्टात इथं आभाळाकडं बघून मान मोडते, थेंब नाही, आणि उजनी धरण भरत असतं. पाऊस पुण्याकडं घाटात पडतो, पाणी आमच्याकडं येतं. सह्याद्रीनं ढग अडवले की इकडं पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, सोलापूरला त्याच्या साधारण दहाव्या हिस्स्याएवढा. आपलं खरं भरण होतं ते सप्टेंबरातल्या परतीच्या पावसानं. म्हणून आपण रब्बीवाले. काळी माती तो ओलावा धरून ठेवते आणि ज्वारी थंडीत त्याच्यावर निघते.

बोअरवाला | १२ मे, सकाळी ११:५०

मी बोअर मारतो, वीस वर्षं झाली. शिक्षण दहावी, ते बी ढकलत. पण एक विचारू? काळी माती गेली की मुरूम लागतो, मग मांजऱ्या लागतो, मग काळा पाषाण. हे ठरलेलं. पण मधीच कधी शंभर-दीडशे फुटाला एकदम लाल पाणी येतंय. परवा बार्शी रोडला आलं. मालक घाबरला, म्हणला रक्त येऊलालंय का काय. त्याच्या खाली परत काळा दगड. आणि मांजऱ्यात पांढऱ्या गारा निघतात, चकाकणाऱ्या, मी घरी डबा भरून ठेवलाय. हे काय असतंय?

फळा_खडू | १२ मे, दुपारी १२:४०

अहो, तुम्ही तर रोज पृथ्वीचा इतिहास उपसून काढताय! नीट सांगतो, तुमच्या प्रश्नात सगळं उत्तर आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमाराला, इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. डोंगराच्या तोंडातून उडाला नाही, भेगांतून पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किमीवर तो दगड आहे, तोच आपला बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर येतो, म्हणून थराचा वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र राहतो. तो तुमचा मांजऱ्या. नंतर पाणी झिरपून त्या छिद्रांत खनिजं साठली, त्या पांढऱ्या गारा. त्यांतल्या बऱ्याच झिओलाइट असतात, महाराष्ट्राच्या झिओलाइटला जगभरचे संग्राहक नावाजतात. डबा जपून ठेवा.

आणि लाल पाणी! लाव्हाचे दोन थर लगोलग आले नाहीत. मधे खूप काळ गेला. त्या काळात वरच्या दगडावर ऊन-पाऊस लागून तो कुजला, त्यातलं लोखंड गंजून लाल झालं. मग पुढचा लाव्हा त्याच्यावर येऊन बसला आणि तो लाल थर दाबला गेला. तुमच्या मालकाच्या बोअरमध्ये दीडशे फुटांवर एक जुनी, उघडी जमीन आहे. त्या जमिनीवर कोटी-कोटी वर्षांपूर्वी ऊन पडत होतं.

बोअरवाला | १२ मे, दुपारी १२:५५

च्यायला. आणि मी ते धुऊन गटारात सोडूलालो.

शेंगाचटणी | १२ मे, दुपारी १:३०

दादा, त्यातली एक गार आमच्या पोरांना बघायला मिळेल का? भाड्याचे पैसे देते.

बोअरवाला | १२ मे, दुपारी १:३४

भाडं कशाचं ताई. निरोप पाठवा, येता-जाता टाकतो.

आनंदयात्री_उमरगा | १२ मे, रात्री ९:१५

किल्लारीबद्दल लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. मी तेव्हा सातवीत, सोलापुरात मामाकडं. तिथून किल्लारी नव्वद किमीच्या आसपास, तरी फडताळातली भांडी खाली आली आणि सगळी गल्ली रस्त्यावर. तास-दोन तास कुणाला काही कळत नव्हतं. मग दवाखान्यांकडं गाड्या येऊ लागल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या भावकीतली चार.

पोरांना सांगताना 'स्थिर पठार' हा शब्द खोडायला लावा, किंवा निदान 'तुलनेनं स्थिर' लिहायला लावा. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकत हिमालयाला रेटतोय. ताण नुसता कडेला साठत नाही, आतल्या जुन्या भेगांवरही येतो. तसली एक भेग तिथं सरकली, आणि तीही फार खोल नाही. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला झालाच होता.

आणि तीव्रतेचा आकडा ६.२ ते ६.४ च्या मधला सांगतात. याहून मोठे भूकंप जगात इतके जीव न घेता होऊन गेलेत. माणसं भूकंपानं कमी आणि भिंतींनी जास्त मारली. दीड-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, माती. उन्हाळ्यात गार राहणारी घरं. त्याच घरांखाली.

शेंगाचटणी | १२ मे, रात्री ९:४०

लिहिलंत, बरं केलंत. उद्या पोरांना हे वाचून दाखवते. सगळं नाही, पण भिंतींचं नक्की.

फळा_खडू | १२ मे, रात्री ९:५५

एक पुरवणी जोडतो. रिश्टरच्या आकड्यात एकची वाढ म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट. ५ आणि ६ मध्ये 'फक्त एकचा' फरक नसतो.

जेकार्ड | १२ मे, रात्री १०:३०

आता भाचीबाईंचा प्रश्न, माझ्या आवडीचा. पुस्तकात दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला सुरू होतं, कारण त्या दिवशी जर्मनी पोलंडमध्ये शिरला. ती युरोपची तारीख आहे. चीनसाठी लढाई जुलै १९३७ पासूनच चालू होती, जपाननं पूर्ण ताकदीनं आक्रमण केलं तेव्हापासून. १९३८ ला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं त्याच युद्धात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांतले एक, जन्म सोलापूर, १९१०. बाकीचे परतले, हे राहिले, तिथंच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांचं स्मारक आहे आणि आपल्याकडंही आहे. पोरांना तिथं घेऊन जा आणि मग विचारा, युद्ध कधी सुरू झालं? कुणाचं, हे आधी विचारायला हवं.

जाता जाता माझ्या धंद्यातलं एक. आमचं घराणं तेलुगू, पद्मशाली. आजोबा गिरणीत होते, मी अजून टॉवेल विणतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली. उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. सोलापुरापर्यंत आगगाडी १८६० लाच पोचली होती. युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत भलेभले बुडाले. पण कापूस, रेल्वे आणि व्यापारी इथंच होते. १८७७ ला सोलापूरची पहिली गिरणी उभी राहिली, तिलाच पुढं जुनी मिल म्हणायला लागले. अब्राहम लिंकनचा धडा शिकवताना हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

टाइमपास_सातरस्ता | १३ मे, सकाळी ८:०५

मी गूगल करा म्हणलो होतो. ते वाक्य माघारी घेतो.

शेंगाचटणी | १३ मे, दुपारी २:१५

सगळ्यांचे आभार. गार आली, मनगटाएवढी, आत नुसते चकाकणारे काटे. पोरांनी टीव्हीच्या शेजारी मांडून ठेवलीय. कोटणीस स्मारकाला रविवारी जाणार. भाचीनं वहीत नवं पान काढलंय, 'कुणाचं?' असं नाव देऊन.

पाचवीतल्याचा एक प्रश्न उरलाय. मास्तर म्हणाले की सूर्य परतीला पुन्हा एकदा डोक्यावर येतो. तो दिवस कुठला, आणि तेव्हाही १२:२२ लाच का?

फळा_खडू | १३ मे, दुपारी २:४०

२ ऑगस्टच्या आगेमागे. आणि नाही, तेव्हा १२:३३ ला. तोवर सूर्य घड्याळाच्या मागं पडलेला असतो. ढग असले तर मात्र काही खरं नाही.

शेंगाचटणी | १३ मे, दुपारी २:४४

तुम्ही याल का गच्चीवर?

फळा_खडू | १३ मे, दुपारी २:४६

येतो. ताक मात्र १२:३३ नंतर.